साथीच्या दिवसांत वाडा आणि घर कसे सांभाळावे

प्रश्न: आमचा वाडा गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आहे. पंचवीसेक घरे, त्यातली निम्मी म्हाताऱ्या माणसांची. मुले मुंबईला, आखातात नाहीतर बोटीवर. मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत बाहेरून आलेले कामगार राहतात. कोविडच्या वेळी आमचा फार गोंधळ उडाला. कोणी दिवसभर भाजी धुत बसले, कोणी फांद्या टाकून वाट अडवली. पुन्हा तशी साथ आली तर घरातल्यांनी आणि वाड्याने नेमके काय करावे?

उत्तर: हा प्रश्न तुम्ही साथ नसताना विचारलात हे फार बरे झाले, कारण खरी तयारी याच दिवसांत होते. माझी नोकरी सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून झाली आणि शेवटची वर्षे कोविडमध्ये गेली. घरी राहून उपचार घेणाऱ्यांना फोन करायचा, ऑक्सिजनचा आकडा लिहून घ्यायचा आणि तो उतरू लागला की १०८ ची रुग्णवाहिका बोलवायची, हे माझे काम होते. ज्या घरांत परिस्थिती हाताबाहेर गेलेली मी पाहिली, तिथे औषध मिळाले नाही असे क्वचितच होते. रुग्णाकडे वेळेवर कोणाचे लक्ष गेले नाही, हेच जास्त वेळा झाले. म्हणून मी दोन गोष्टींवर भर देणार आहे: घरातली हवा खेळती ठेवणे आणि आजारी माणसावर ठरलेल्या वेळी कोणाची तरी नजर असणे.

त्याआधी एक. साथ आली की पहिल्यांदा विचारायचे ते हे, की रोग कशातून पसरतो. डेंगी डासांतून येतो, तिथे मास्क निरुपयोगी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करणे मोलाचे. लेप्टो उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून येतो, म्हणून पायाला जखम असताना शेतात अनवाणी उतरू नये. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात माकडताप आला, तो रानातल्या गोचिडींमुळे. या तिन्हींत शेजाऱ्याला दूर ठेवून काहीच साधत नाही. कोविड आणि फ्लू मात्र मुख्यतः श्वासातून पसरतात. तुम्ही त्याच प्रकारच्या साथीबद्दल विचारता आहात असे धरून पुढचे लिहिते.

२०२० च्या सुरुवातीला सगळ्यांचा भर वस्तू पुसण्यावर होता. पुढे स्पष्ट झाले की कोविडचा विषाणू बोलताना, खोकताना, गाताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून जातो आणि बंद खोलीत ते कण बराच वेळ तरंगत राहतात. भाजी नेहमीसारखी साध्या पाण्याने धुवा. साबण किंवा ब्लीच लावू नका, ते पोटात जाते. पोदेराकडून पाव घेतल्यावर हात साबणाने धुतले की झाले. भाजी धुण्यात जाणारा वेळ खिडक्या उघडण्यात घाला.

आजारी माणसाची खोली निवडताना उदबत्ती लावून बघा. धूर खिडकीकडे जाऊन बाहेर पडत असेल तर खोली चांगली. तो दारातून घरात शिरत असेल तर खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवा आणि दाराखालची फट कापडाने बुजवा; मग पुन्हा उदबत्ती लावून पाहा. आपली जुनी कौलारू घरे या बाबतीत भाग्यवान आहेत, कौलांमधून आणि वरच्या झडपांतून हवा निघून जाते. अडचण नव्या फ्लॅटमध्ये येते. सरकत्या काचा, त्यात पावसाचे चार महिने, आत एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच फिरवत राहतो. पावसात निदान एक काच चार बोटे उघडी राहू द्या, खाली फडके अंथरा. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर तो दिवसभर चालू ठेवा.

न्हाणीघर एकच असेल, आणि बहुतेक घरांत ते एकच असते, तर आजाऱ्याने सर्वांत शेवटी वापरावे, मास्क लावून जावे आणि बाहेर येताना खिडकी उघडी ठेवावी. पुढच्याने अर्धा तास थांबून जावे. शुश्रूषा एकानेच करावी. तो माणूस घरातला सर्वांत दणकट असावा. साठीच्या पुढची किंवा मधुमेह असलेली सासू तिथे नको, मग ती कितीही मायेने पुढे होवो. खोलीत जाताना दोघांनीही मास्क लावायचा. एन-९५ असेल तर उत्तम, पण त्याला पुढे बटणासारखा व्हॉल्व असेल तर तो आजाऱ्याला देऊ नका, त्यातून त्याचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर येतो. जेवणाची ताटे नेहमीच्या साबणाने धुतली की पुरे, वेगळी ठेवायची गरज नाही. बल्काव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, असेल तर आजाऱ्याने संध्याकाळी तिथे बसावे, मोकळ्या हवेत दुरून चार शब्द बोलावे. कोंडून ठेवलेला माणूस खाणे सोडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

फरशी आणि नळाच्या चाव्या पुसायच्या असतील तर दुकानात मिळणारे ५ टक्क्यांचे हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव ब्लीच, २० मिली घेऊन पाण्यासह एक लिटर करा. ते रोज ताजे बनवा, शिळ्याची ताकद जाते. पुसल्यावर दहा मिनिटे तसेच ओले राहू द्या. हे द्रावण माणसांच्या अंगावर कधीही फवारायचे नाही. आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. साथीत लोक जास्त स्वच्छतेच्या नादात दोन बाटल्या एकत्र ओततात आणि दार लावून घासत बसतात. खोकल्याने जीव कासावीस होतो आणि घरच्यांना वाटते रोगच आला. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के अल्कोहोल लागते. फेणी साधारण ४२-४३ टक्क्यांची असते आणि हुर्राक तर त्याहून बरेच सौम्य, त्यामुळे हातावर फेणी चोळून काही होत नाही. सॅनिटायझर लावलेले हात पूर्ण वाळल्याशिवाय समईची वात लावू नका, गॅस पेटवू नका. घरात असाल तर साबण-पाणीच सर्वांत चांगले.

आता आजाऱ्याकडे लक्ष ठेवण्याबद्दल. यावर मी थोडे जास्त लिहिणार आहे.

एक शाळेची वही घ्या. पहिल्या पानावर लक्षणे सुरू झाल्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. तपासणीची तारीख वेगळी, तिच्यात आणि हिच्यात गल्लत करू नका, कारण डॉक्टर दिवस मोजतात ते लक्षणांपासून. मग सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी ताप, नाडी, ऑक्सिजन आणि काय खाल्ले एवढे लिहायचे. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवे, नखावर रंग किंवा मेंदी नको, हात स्थिर हवा आणि आकडा ठरेपर्यंत निदान अर्धा मिनिट थांबायचे. ९४ किंवा त्याहून वर असेल तर ठीक. ९४ च्या खाली दोनदा तपासूनही राहिला तर त्याच वेळी डॉक्टरला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. ९० च्या खाली असेल तर थेट १०८. ज्यांना आधीपासून दम्याचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडा किती, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा. सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवते. म्हणून ९५ दिसत असूनही माणसाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील, छातीत दाब वाटत असेल किंवा तो भलतेच बोलू लागला असेल, तर आकडा बाजूला ठेवा आणि गाडी बोलवा.

आकडा चांगला आहे पण शंका आहे, अशा वेळी आजाऱ्याला खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे चालवा, साठीच्या पुढच्याला तीन मिनिटे, आणि पुन्हा मोजा. आकडा तीन किंवा अधिकने उतरला, किंवा धाप लागली, तर डॉक्टरला कळवायचे. आधीच ९४ च्या खाली असलेल्याला मात्र चालवू नका.

कोविडमध्ये फसवणारे दिवस म्हणजे पाचव्यापासून दहाव्यापर्यंत. ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, वही बंद होते, आणि नेमका तेव्हाच काही जणांचा श्वास बिघडतो. त्यातही म्हातारी माणसे दम लागतोय असे सांगत नाहीत. त्यांना फक्त गळून गेल्यासारखे वाटते, पेज नको म्हणतात, झोपून राहतात. एका घरात सून मला फोनवर सांगत होती की सासरे आज शांत आहेत, छान झोपले आहेत. मी तिला ऑक्सिमीटर लावायला सांगितले, तिने आकडा वाचला ८४. बोट चोळून पुन्हा लावला, तरी ८५. ते वेळेत इस्पितळात पोहोचले आणि पुढे घरी आले. म्हणून दहा दिवस पुरे होईपर्यंत वही थांबवायची नाही, ताप असो वा नसो.

गाडी येईपर्यंत रुग्णाला पालथे झोपवता येते. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, आणि दोन पायांच्या नडग्यांखाली. त्याने अनेकांचा आकडा थोडा वर येतो. जेवल्यावर तासभर, गरोदर बाईला आणि हृदयाचा गंभीर आजार असलेल्याला हे करू नये. आकडा वर आला म्हणून गाडी परत पाठवू नका.

औषधांचे थोडक्यात. तापाला पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारून. पावसाळ्यात गोव्यात ताप म्हणजे साथीचाच असे समजू नका, डेंगी आणि लेप्टो त्याच महिन्यांत असतात. म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, डेंगीत रक्तस्राव होऊ शकतो. आधीपासून हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते मनाने बंदही करू नये, डॉक्टरला विचारावे. स्टेरॉइड तर शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून कधीच नाही. २०२० च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन लागणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काही फायदा दिसला नाही. उलट त्याने साखर वाढते. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचे, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशातल्या राज्यांत सर्वांत जास्त निघाले. ज्यांना साखर आहे त्यांनी आजारपणात इन्सुलिन किंवा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, दिवसातून एकदोनदा साखर मोजावी आणि ती वहीत लिहावी.

२०२१ च्या मे महिन्यात आपल्या राज्यात सगळ्या प्रौढांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचे औषध द्यायचे जाहीर झाले होते, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना ते चाचणीबाहेर वापरू नका असे सांगत होती. पुढच्या साथीतही असे एखादे नाव फिरेल. गोळी सरकारी असो की शेजारची, तुमच्या वाड्याने ती कशावर आणि कशाच्या आधारे दिली जाते आहे हे डॉक्टरला विचारावे आणि गोळी घेतली म्हणून खिडकी बंद करू नये. वाफ घेतल्याने नाक मोकळे वाटते, विषाणू मरत नाही. आणि उकळत्या पातेल्यावर मुलांना वाकवू नका, भाजलेली मुले मी पाहिली आहेत. कषाय, म्हणजे काढा, प्यायला हरकत नाही, कपभर, औषधाच्या जागी नव्हे. उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी, ही घरगुती गोष्ट मात्र मी कोणालाही सांगेन. जुलाब असतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच वापरा.

आता वाड्याकडे येते. प्रत्येक घराला एक जोडघर ठरवा. म्हणजे अमक्या घराची चौकशी तमक्या घराने करायची, सकाळी आणि रात्री, फोनवर. फोन उचलला नाही तर दारात जाऊन हाक मारायची. कमिटी, व्हॉट्सॲप गट वगैरे चालेल, पण गटावर सगळ्यांना सगळे कळते आणि एका घरात पडून असलेली एकटी बाई कोणाच्याच लक्षात येत नाही. जोडघरात ती सुटत नाही. जी मुले बाहेर आहेत, बोटीवर आहेत, त्यांचा नंबर जोडघराकडे असू द्या. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची एक प्लास्टिकची पिशवी करा: आधार, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे कार्ड, चालू औषधांची नावे, जुने ईसीजी, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते. ती दाराजवळच्या खुंटीला टांगा. १०८ ची माणसे आली की शोधाशोध करायला वेळ नसतो.

वाट अडवू नका. फांद्या टाकल्या की पहिल्यांदा अडकते ती रुग्णवाहिका, आणि विषाणू काही वाट चालून येत नाही. त्यापेक्षा घरांवर ठळक क्रमांक रंगवा, आपल्या वाड्यांत रात्री घर सापडत नाही म्हणून गाडी फिरत राहते. पोदेर आणि मासळीवाली बाई रोज तुमच्या दारात येतात. फाटकाला पिशवी आणि मोजके पैसे टांगून ठेवा, बोलणे अंगणातच करा. ती आजारी पडली तर तिचे आठवड्याचे पैसे वाड्याने द्यावेत, म्हणजे तापात कामावर येण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.

भाड्याच्या खोल्यांतल्या लोकांना यादीत सगळ्यांत वर घाला. एका खोलीत पाच-सहा जण, संडास एकच, घरमालक वर राहतो आणि आजार लपवला तरच काम टिकते, अशा ठिकाणी साथ वेगाने पसरते. २०२० च्या जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलवर दाट वस्तीत काय झाले ते आपण पाहिले. त्यांना घालवून देणे हा उपाय नव्हे, ते गेले तर आजार घेऊन दुसऱ्या वाड्यावर जातील. शाळेची रिकामी खोली किंवा मंदिराचा सभामंडप आधीच बोलून ठेवा, तिथे आजारी कामगाराला दहा दिवस झोपता येईल आणि वाड्याकडून पेज पोहोचेल. त्यांच्यातल्या एकाचा फोन नंबर तुमच्याकडे हवा आणि कन्नड, हिंदी बोलणारा एक माणूस तुमच्यात हवा.

विजेचा विचार पावसाआधी करा. १६ मे २०२१ ला, दुसरी लाट ऐन भरात असताना, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले आणि कितीतरी गावे अंधारात गेली. घरी ऑक्सिजन काॅन्सन्ट्रेटरवर असलेल्यांचे त्या रात्री काय हाल झाले ते विसरू नये. ज्या घरात असे यंत्र आहे त्यांनी कोणाकडे इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे हे आधीच ठरवून ठेवावे आणि वीज खात्याला नाव कळवावे. यंत्राजवळ समई, उदबत्ती, सिगारेट काही नको. विहिरीबद्दल लोक विचारतात: कोविड विहिरीच्या पाण्यातून येत नाही, त्यामुळे आजाऱ्याच्या घराला पाणी भरू न देणे चूक आहे.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, हा आपल्याकडचा कठीण विषय. मूळ घरी सगळे जमतात, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बसून घुमट या मातीच्या वाद्यावर आरती रंगते, आणि मोठ्याने गाण्यात सर्वांत जास्त कण बाहेर पडतात. चवथ करू नका असे मी म्हणत नाही, मी स्वतः ते कधी म्हणू शकले नसते. लांबून येणाऱ्यांनी सर्दी-खोकला असेल तर येऊ नये. आरती करताना सगळी दारे उघडी, घुमट वाजवणारे अंगणात किंवा ओसरीवर, म्हातारी माणसे दाराजवळ. पंगत एकदम न बसवता घराघराने. आणि ज्यांची लस राहिली आहे त्यांनी ती चवथीच्या दोन-तीन आठवडे आधी घ्यावी.

वाड्यावर कोणी गेले तर शेजाऱ्यांनी पाठ फिरवू नये. कोविडच्या काळातल्या केंद्राच्या सूचनांतही शरीराला न शिवता मंत्र म्हणणे, पाणी शिंपडणे, शेवटचे दर्शन घेणे याला परवानगी होती, आणि राखेतून काही धोका नाही, अस्थी गोळा करता येतात, असे स्पष्ट लिहिले होते. धोका असतो तो स्मशानात किंवा घरात दाटीने जमलेल्या जिवंत माणसांकडून. तेव्हा थोड्यांनी जावे, बाकीच्यांनी त्या घरी दहा दिवस जेवणाचा डबा पोहोचवावा.

आता खरेदी. वाड्याने मिळून तीन ऑक्सिमीटर, दोन थर्मामीटर, एक साखर मोजायचे यंत्र, एक रक्तदाबाचे यंत्र, शंभर एन-९५ आणि ओआरएसच्या पुड्या एवढे घ्यावे आणि एकाच घरी ठेवावे, शक्यतो जिथे कोणीतरी सदैव असते अशा. मास्क आणि साखर मोजायच्या पट्ट्या यांच्या मुदतीची तारीख डब्यावर बाहेरून लिहा. थर्मामीटर पाऱ्याचा नको, डिजिटल घ्या. दर सहा महिन्यांनी एकदा सगळे बाहेर काढून चालवून बघा. आणि वापर नसताना ऑक्सिमीटरमधले सेल काढून वेगळे ठेवा, आपल्या दमट हवेत ते गळतात आणि यंत्र कायमचे बिघडते.